ट्रॅक्टर ऐकू येतो, मग आईची हाक का नाही?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यात खेड्यात राहतो. माझा मुलगा पोळ्याला पावणेतीन वर्षांचा होईल, पण अजून बोलंना गेलाय. हाताला धरून ओढतो, बोट दाखवतो, मला 'आऊ' असं काहीतरी करतो, बाकी नुसता आरडाओरडा. मागं अंगणवाडीत तपासणीची गाडी आली होती, त्या डॉक्टरांनी पुढं पाठवलं. संभाजीनगरला त्याला झोपवून कानाची बेरा तपासणी केली. कागदावर उजवा कान ८०, डावा ७५ असं लिहिलंय. दोन्ही कानांना ऐकायची मशीन दिली. आठ दिवस लावली. तो ओढून फेकायचा, एकदा तर शेळीपुढं टाकली. चार महिने झाले, मशीन कपाटात आहे.

सासूबाई म्हणतात, याचा बापबी पाचव्या वर्षी बोलला, धीर धर. त्या माझ्या सख्ख्या आत्या आहेत, त्यामुळं उलटून बोलताही येत नाही. रोज वेखंड उगाळून चाटवतात. जाऊबाई म्हणतात जिभेखालचा तंतू कापून आणा. शेजारी म्हणतात मशीननं कान आणखी कमजोर होतो. मलाही कोडं पडतं. मिस्टर ट्रॅक्टर चालवतात. त्यांचा ट्रॅक्टर आला की हा पळत अंगणात जातो, मग बहिरा कसा? कुणी ऑपरेशन करा म्हणतं, कुणी सांगतं खाणाखुणा शिकवू नका, नाहीतर कधीच बोलणार नाही. आत्या म्हणतात, आमच्यात असं कुणी नव्हतं. सगळं माझ्यावरच येतंय. त्यानं एकदा आई म्हणावं, एवढंच मागणं आहे.
— एक आई, जि. परभणी

उत्तर

ताई, आधी ट्रॅक्टरचं बघू, कारण तुमचं अख्खं घर तिथंच अडकलंय.

ट्रॅक्टर अंगणात शिरतो तेव्हा त्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या मागंपुढं असतो. तुम्ही नेहमीच्या आवाजात बोलता तो साठच्या आसपास, तोही लेकरू हाताच्या अंतरावर असेल तर. चुलीपासून ओट्यापर्यंत जाईस्तोवर तो आणखी विरतो. तुमच्या कागदावरच्या ८० आणि ७५ या आकड्यांचा ढोबळ अर्थ असा, की त्याच्या खालचे आवाज त्या कानाला लागत नाहीत. म्हणजे ट्रॅक्टर पोचतो, तुमची हाक पोचत नाही. त्यात ट्रॅक्टरची धडधड फरशीतून तळपायाला कळते, कुत्रं उठून उभं राहतं, आत्याबाई दाराकडं बघतात, आणि बाबा यायची वेळही रोज तीच. कमी ऐकणारी लेकरं डोळ्यांनी इतकी तरबेज होतात, की घरच्यांची दोन-दोन वर्षं फसगत होते. एका आजोबांनी माझ्यासमोर नातवाच्या मागं ताट वाजवून दाखवलं होतं. नातू वळला. आजोबा विजयी चेहऱ्यानं माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना खिडकी बंद करून पुन्हा वाजवायला सांगितलं. आता नातू वळेना, कारण मघाशी त्यानं समोरच्या भिंतीवर हललेली ताटाची सावली पाहिली होती.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पट्टीची. ट्रॅक्टर, ढोल, वरातीतला डीजे हे घुमणारे, खालच्या पट्टीतले आवाज. आपल्या बोलण्यातले स, श, त, क, फ हे मुळातच हलके, आणि त्यातले स-श तर फार वरच्या पट्टीत. पुष्कळ मुलांचा कान खालच्या पट्टीत थोडाफार शाबूत असतो आणि वरच्या पट्टीत गेलेला असतो. बेरा तपासणी बहुतेक वेळा 'क्लिक' नावाच्या टक्-टक् आवाजावर करतात. ती प्रामुख्यानं वरच्या पट्टीचं, २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपासचं सांगते. खालच्या पट्टीत किती शिल्लक आहे ते त्या एका आकड्यावरून पुरतं कळत नाही. त्यासाठी एएसएसआर ही तपासणी असते, आणि मूल बसायला लागलं की खेळता-खेळता करायची ऑडिओमेट्री. पुढच्या फेरीला एवढंच विचारा, 'प्रत्येक पट्टीचा वेगळा आकडा मिळंल का?' मशीनचं सेटिंग त्याच आकड्यांवर करायचं असतं.

आणि मराठी ही फार लबाड भाषा आहे बरं का. सगळा कारभार शब्दाच्या शेपटीत. जातो, जातोस, जातात. घर, घरात, घराला. तिथंच आपण आवाज पाडतो. ज्याला शेपूटच ऐकू येत नाही, त्याच्यासाठी कोण गेलं, कुठं गेलं, सगळा गोंधळच.

तेव्हा जीभ सोडा. तुमच्या घरात चाललेले सगळे उपाय जिभेवर आहेत, वेखंडही आणि तंतूही. जिभेखालचा पडदा फार आखूड असेल तर एखाददुसरं अक्षर बोबडं येईल, पण त्यापायी मूल मुकं राहत नाही. पावणेतीन वर्षांचं मूल बोलत नसेल तर आधी कान, हा आमच्याकडचा पहिला धडा. तुमचं तर निदानही झालंय. वेखंड आत्याबाईंनी बंद करावं. जास्त झालं तर पोरांना उलट्या होतात, आणि चाटवल्यानं कानाच्या आतली नस काही जागी होत नाही. तेलही कानात नको. पण हे त्यांना तुम्ही सांगू नका. तुमच्या मिस्टरांना सांगू द्या, नाहीतर पुढच्या फेरीला आत्याबाईंनाच सोबत न्या. त्यांच्यासमोर डॉक्टरांनी सांगितलं की त्याचं वजन वेगळं.

'बाप पाचव्या वर्षी बोलला' यावर मी हसणार नाही, उलट एक काम सांगते. बापाचेही कान तपासून घ्या. टीव्ही मोठा लावतात का, फोनवर ओरडून बोलतात का, एकाच बाजूनं हाक मारली तर ओ देतात का, आठवून बघा. ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षं बसणाऱ्याचे कान तसेही तपासायलाच हवेत. आणि खरंच त्यांना लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, तर तुमच्या मुलाच्या कागदाशेजारी त्यांचाही कागद डॉक्टरांना उपयोगी पडेल.

'आमच्यात असं कुणी नव्हतं' या वाक्याचं मात्र मला नवल वाटलं. तुमचे वडील आणि सासूबाई एका आईची लेकरं. 'आमच्यात' आणि 'तुमच्यात' अशी वाटणी करायला घर तरी वेगळं हवं ना! जवळच्या नात्यात लग्न झालं की घराण्यात दडून बसलेला एखादा दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. तो आईबापात दिसत नाही, कारण प्रत्येकाकडं त्याची एकच प्रत असते. दोघांकडंही तीच प्रत असेल, तर दर खेपेला बाळात तो दोष येण्याची शक्यता चारात एक असते. तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. जन्मताना बाळ रडलं नव्हतं का, कावीळ फार वाढली होती का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, गरोदरपणात तुम्हाला अंगावर पुरळ येऊन ताप आला होता का, पुढं त्याला मेंदूज्वर झाला होता का, हेही विचारलं पाहिजे. पण कारण काही निघालं तरी त्यात आईची चूक नसते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या, आणि त्या बाळाची कानाची तपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. ती ओएई नावाची तपासणी झोपलेल्या बाळावर दोन मिनिटांत होते, टोचत नाही, दुखत नाही.

आता कपाट उघडू.

चार महिन्यांनी मशीन काढून थेट कानात घालू नका. मशीन कानामागं बसते, आणि कानाच्या आत जातो तो मऊ साचा, ज्याला सगळे मोल्ड म्हणतात. एवढ्या वयात कान भराभरा वाढतो, त्यामुळं साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. चार महिन्यांपूर्वीचा साचा आता सैल होणार. सैल साच्यातून आवाज बाहेर गळतो आणि मशीन शीळ घालते. घरचे म्हणतात मशीन बिघडली, आणि आवाज कमी करून टाकतात, म्हणजे लेकराला पुन्हा काहीच नाही. तेव्हा पहिली फेरी नव्या साच्यासाठी. कान वाहत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडं. मापं घेताना त्याला मांडीवर धरून बसा आणि घरातलं त्याचं आवडतं काहीतरी हातात द्या, कारण कानात तो थंडगार लगदा घातला की कुणीही दचकतं.

त्यानं मशीन फेकली यात त्याची चूक मानू नका. साचा टोचत असेल, आवाज फार वाढवून ठेवला असेल, किंवा नुसतंच नवं असेल. ज्या घरात दोन वर्षं शांतता होती तिथं एकदम भांडी, कुकर, कूलर, कोंबडी, सगळं एका दमात. मोठा माणूसही काढून फेकेल. म्हणून सुरुवात त्याच्या सगळ्यात आवडत्या वेळेला करा. तुमच्याकडं ती वेळ अगदी तयार आहे, संध्याकाळी बाबा येण्याची. ट्रॅक्टर यायच्या पाच मिनिटं आधी मशीन लावा, बाबा आले, कडेवर घेतलं, दोन शब्द बोलले, पंधरा मिनिटं झाली, तुम्हीच काढा. त्यानं ओढायच्या आत काढा. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं. मग जेवताना. तीन-चार आठवड्यांत उठल्यापासून झोपेपर्यंत, फक्त आंघोळ आणि झोप सोडून. ओढलीच तर रागवायचं नाही, हसायचंही नाही, गुपचूप परत लावायची. मशीनला दोरा बांधून सदऱ्याच्या मागच्या बाजूला अडकवा, म्हणजे फेकली तरी शेळीपर्यंत जाणार नाही.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात मशीनचा खरा शत्रू घाम. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायची, आत सिलिका जेलची पुडी. पत्र्याच्या घरात खिडकीत किंवा ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये उन्हात ठेवू नका. साचा काढून कोमट पाण्यानं धुवायचा, पूर्ण वाळवून मगच मशीनला जोडायचा. मशीनला पाणी नाही. बॅटरीवरचा रंगीत कागद काढल्यावर मिनिटभर तशीच ठेवा आणि मग घाला, ती हवेवर चालते. आणि एक गोष्ट हातातलं काम सोडून वाचा. ही गोल बॅटरी पोरानं गिळली, नाकात किंवा कानात घातली, तर केळं खाऊ घालत, शौचातून पडायची वाट बघत घरी थांबू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात. ती आतून जाळते. जुन्या बॅटऱ्याही उंचावर, कुलपात.

'मशीननं कान कमजोर होतो' असं म्हणणाऱ्यांना विचारा, चष्म्यानं डोळे जातात का? नीट मोजून सेट केलेल्या मशीननं कान जात नाही. वापर न होता राहिला तर मेंदूतला ऐकण्याचा भाग दुसऱ्या कामाला लागतो, नुकसान आहे ते तिथं. मशीन दिसली की गावाला कळेल अशी भीती असेल, तर गावाला तो बोलत नाही हे कळलेलंच आहे. मशीनमुळं नवं काय कळणार?

आता घाई आणि धीर, दोन्ही एकदम सांगते. तुमचा मुलगा पावणेतीन वर्षांचा, पण त्याचा कान आठ दिवसांचा आहे. मशीन कानात होती तेवढेच दिवस मोजायचे. धडधाकट कानाचं मूल पोटात असल्यापासून ऐकतं, जन्मल्यावर वर्षभर नुसतं ऐकत राहतं, तेव्हा कुठं पहिला शब्द येतो. म्हणून मशीन लावून महिना झाला तरी बोलंना गेलाय असं लिहून मला पुढचं पत्र पाठवू नका. पण मशीन कपाटात असलेला प्रत्येक दिवस त्या वर्षातून वजा होतोय, आणि भाषा सगळ्यात सोपी शिकायचं वय हेच आहे.

थेरपी म्हणजे काय, ते तुमच्याच घरात दाखवते. तुम्ही रोज ज्वारीच्या भाकरी थापता. त्याला परातीच्या पलीकडं, चुलीच्या धगीपासून लांब, पाटावर बसवा, तोंडासमोर तोंड. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, पाठीमागून नको, नाहीतर त्याला तुमचे ओठ काळेच दिसणार. टीव्ही बंद. कूलरही तेवढ्या वेळापुरता बंद, कारण मशीनला कूलर आणि आई यात फरक करता येत नाही, दोघांनाही सारखंच मोठं करते. आता काहीही शिकवू नका, फक्त जे चाललंय ते बोला. 'पीठ घेऊ. थोडं पीठ. आणखी हवं? पाणी घाल. ओत, ओत... बास! आता मळू. मळ, मळ. थाप, थाप, थाप. फिरव. मोठी झाली! तव्यावर टाकू? टाक. चर्रर्र.' मग थांबा. मनात दहा मोजा. आपल्याला दहा आकडे युगासारखे वाटतात, पण त्याला बघायला, ऐकायला, जुळवायला तेवढे लागतात. तो तव्याकडं हात करेल. तेच त्याचं बोलणं. तुम्ही ते शब्दात भरा, 'तवा गरम आहे. हात नको. भाकर फुगली!' त्याच्या एका हाताला तुमचं एक वाक्य, बस.

पूर्ण वाक्य बोला. 'पाणी, पाणी, पाणी' असं पोपटासारखं घोकून घेऊ नका. 'बोल ना, म्हण ना, म्हटल्याशिवाय बिस्कीट नाही' हे तर अजिबात नको, त्यानं मूल तोंड मिटून घेतं. ओरडूनही बोलू नका, ओरडल्यावर ओठांचा आकार बिघडतो आणि अक्षरं फाटतात. जवळ जा. पंधरा फुटांवरून मारलेल्या दहा हाकांपेक्षा हातभर अंतरावरचं एक वाक्य पोचतं. मोबाइलवरची बोलणारी चित्रं त्याच्या थांबण्याची वाट बघत नाहीत, म्हणून मोबाइल बाजूला. बाबांना सांगा, पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीतला, तो त्याला कदाचित तुमच्या आधी पोचेल. घरी आल्यावर दहा मिनिटं मांडीवर घेऊन ट्रॅक्टरचं काय झालं ते सांगायचं. डिझेल, चाक, चिखल, नांगर, काहीही चालेल. आणि आत्याबाईंना यात घ्याच. वेखंड उगाळायला जो वेळ आहे तोच वेळ गोष्टीला द्या म्हणावं. म्हाताऱ्या माणसांचं ठेक्यात, हेल काढून, चेहऱ्यानं बोलणं अशा लेकरांसाठी औषधासारखं असतं, आम्ही कॉलेजात शिकूनही आम्हाला तसं जमत नाही.

खाणाखुणांनी बोलणं थांबतं ही समजूत चुकीची आहे. सांगायला काहीतरी साधन हातात आलं की आरडाओरडा कमी होतो. झोप, पाणी, दुखतं, बाबा, नको, आणखी, एवढ्या खुणा घरात सगळ्यांनी सारख्या करा, आणि खूण करताना शब्दही बोला. पुढं त्याला भारतीय सांकेतिक भाषा शिकायची वेळ आली तर ती पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे आणि २०१५ पासून तिच्यासाठी दिल्लीत केंद्र सरकारची वेगळी संस्था आहे. त्या मुलांचं शिक्षण होतं, नोकरी होते, संसार होतो. तो तोंडानं बोलला तरच सुधारला, असा हिशोब मनात धरू नका.

आता ऑपरेशनबद्दल, म्हणजे कानाच्या आत यंत्र बसवतात त्या कॉक्लियर इम्प्लांटबद्दल. ८० आणि ७५ हे आकडे असे आहेत की चांगली मशीन, नीट सेटिंग आणि दिवसभर वापर असेल तर पुष्कळ मुलं मशीनवर बोलायला लागतात, आणि काहींना मशीन पुरत नाही. तुमचा मुलगा कुठल्या गटात, हे आज कुणीच सांगू शकत नाही, कारण मशीन कपाटात आहे. नीट बसवून तीन ते सहा महिने दिवसभर वापरा, आणि मग मशीन लावून त्याला किती ऐकू येतं याची तपासणी मागा. तेव्हा पुरत नाही असं दिसलं तर उशीर करू नका. केंद्राच्या 'एडिप' या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलासाठी इम्प्लांटची वयाची मर्यादा पाच वर्षं आहे, आणि त्याचं काम मुंबईत बांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालतं. अंगणवाडीत आलेली तपासणीची गाडी होती ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. त्याच कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र जिल्हा रुग्णालयात असतं, तिथं जाऊन आपलं नाव कुठंवर आलंय ते विचारा. इम्प्लांट झालं तरी भाकरीची परात सुटत नाही बरं का. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, मग वर्ष-दोन वर्षं हेच सगळं, शिवाय सेटिंगच्या फेऱ्या.

फेऱ्यांचं बोलायचं तर एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आणि पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, तेव्हा महिन्यातून एक फेरी जमवा. मधल्या आठवड्यांत व्हिडिओ कॉलवर शिकवायला थेरपिस्ट तयार असतात, पण ते तुम्हाला शिकवतील, त्याला नाही. त्याला तुम्ही शिकवायचं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचा अर्जही याच महिन्यात करा. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलची घट असेल तर ती बधिरत्वात धरतात, तुमचे आकडे त्यात बसतात. लहान मुलाला बहुतेकदा तात्पुरतं प्रमाणपत्र देतात, त्यावरची तारीख बघून ठेवा. अंगणवाडीत पाठवत राहा, फक्त बाईंना सांगून त्याला पुढं, पंख्यापासून लांब बसवा.

शेवटचं तुमच्या 'आऊ'चं. पत्रात तुम्ही ते असं ओझरतं लिहिलंय, जणू त्याला अर्थच नाही. मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मशीन नीट चालते का हे रोज सकाळी तपासायला आम्ही सहा आवाज वापरतो: आ, ऊ, ई, म, श, स. बोलण्यातल्या खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या यात येतात. त्याला मशीन लावून पाठमोरा किंवा बाजूला बसवा. तोंडासमोर हात धरू नका, आवाज बदलतो. ओढणीचं पातळ टोक ओठांपासून दोन बोटं लांब ताणून धरा. समोर एक पातेलं आणि बाटल्यांची मोठी झाकणं. चिंचोके-शेंगदाणे नकोत, नाकात जातात. 'आऽऽ' ऐकू आलं की झाकण पातेल्यात टाकायचं, आधी तुम्ही टाकून दाखवा, मग त्याचा हात धरून, मग तो एकटा. त्याला खेळ वाटेल. कालपर्यंत 'श'ला झाकण टाकणारा आज टाकत नसेल, तर बॅटरी संपली, साच्यात मळ अडकला किंवा कान बिघडला. तीन मिनिटांचं काम आहे.

या सहांपैकी 'ऊ' आणि 'ई' ही जोडी मजेशीर आहे. दोन्हीतला खालच्या पट्टीचा भाग जवळजवळ सारखाच असतो. 'ई'चं 'ई'पण असतं ते वरच्या पट्टीत. ज्याला वरचं ऐकू येत नाही त्याला 'ई' ही 'ऊ'सारखीच लागते. आता तुमचा शब्द पुन्हा वाचा. आ, ऊ. त्याच्यापर्यंत जे पोचतं त्यातून बनवलेली ती 'आई' असणार, असा माझा दाट अंदाज आहे. तुम्ही लिहिलंय 'मला आऊ असं करतो'. बाकी कुणाला करतो का? आत्याबाईंना, बाबांना? नसेल तर तो तुम्हाला हाकच मारतोय, आणि बरेच दिवस मारतोय. आपल्याकडं जिजाऊंना आऊसाहेब म्हणतातच की. तेव्हा त्यानं 'आऊ' म्हटलं की 'असं नाही, आई म्हण' असं दुरुस्त करत बसू नका. ओ द्या, जवळ जा, आणि त्याच्या समोर बसून म्हणा, 'आई आली! काय हवंय?'

एक वही करा. रोज रात्री तारीख, मशीन किती तास राहिली, सहांपैकी कुठले आवाज लागले आणि दिवसभरात नवीन काय काढलं, एवढंच चार ओळी. नवा साचा आणि नवं सेटिंग झाल्यावर 'ई' लागायला लागली की ती तारीख गोल करून ठेवा. पुढच्या फेरीला तो बेराचा कागद आणि ही वही, दोन्ही पिशवीत घालून न्या.